१५५ अधिक ४५

अमेरिकेत क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्स घेणाऱ्या रुग्णाच्या बिलात औषधाच्या बहुधा दोन ओळी असतात. पहिलीत १५५ युनिट, दुसरीत ४५. पहिले १५५ युनिट कपाळ, कानशिले, डोक्याचा मागचा भाग, मान आणि खांदे इथल्या सात स्नायुगटांत मिळून ३१ ठिकाणी टोचलेले असतात, दर ठिकाणी पाच युनिट. उरलेले ४५ टाकून दिलेले असतात. उपचारासाठीची कुपी १०० किंवा २०० युनिटची येते, १५५ ची येत नाही. एकदा सलाइन घालून विरघळवलेली कुपी २४ तासांच्या आत वापरायची आणि एकाच रुग्णाला वापरायची, असे कंपनीचे माहितीपत्रक सांगते. त्यामुळे २०० ची कुपी फोडायची आणि उरलेले औषध फेकायचे. त्या फेकलेल्या औषधाचे पैसेही सरकारी मेडिकेअर योजना देते, पण किती फेकले ते डॉक्टरने रुग्णाच्या नोंदीत लिहिले असेल आणि बिलात ते वेगळ्या ओळीवर दाखवले असेल तरच. मेडिकेअर एका युनिटला साधारण सहा डॉलर मोजते. म्हणजे दुसऱ्या ओळीतला ऐवज अडीचशे डॉलरच्या वर जातो, आणि रुग्ण दर १२ आठवड्यांनी पुन्हा येतो.

वैद्यकीय बिलांच्या जगात बोटॉक्समधल्या बोटुलिनम टॉक्सिनइतके किचकट औषध क्वचितच असेल. एकच द्रव्य कुणाच्या कपाळावरची आठी घालवते, तर कुणाला महिन्यातले पंधरा दिवस अंथरुणातून उठू न देणारी डोकेदुखी आटोक्यात आणते. पहिल्याचे पैसे ज्याने त्याने खिशातून द्यायचे, दुसऱ्याचे विम्याने. सुईतला पदार्थ दोन्हीकडे तोच असल्यामुळे फरक कागदावर सिद्ध करावा लागतो, आणि तो सिद्ध करण्यासाठी तीन प्रकारचे कोड एकमेकांशी जुळावे लागतात : आजाराचा, कृतीचा आणि औषधाचा. या व्यवस्थेतला जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या तरी उधळपट्टीवर किंवा गैरव्यवहारावर उतारा म्हणून आला आहे. आज त्या नियमांचे ओझे मात्र ज्याचा त्या गैरव्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता, त्या रुग्णाच्या डोक्यावर येऊन बसले आहे.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी हे टॉक्सिन, म्हणजे मुळात एक विष, अत्यल्प मात्रेत टोचून पाहिले. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटणारा ब्लेफरोस्पाझम या दोन आजारांसाठी मान्यता दिली. तेव्हा औषधाचे नाव होते ऑक्युलिनम. पुढे अलरगन कंपनीने ते विकत घेतले आणि बोटॉक्स हे नाव रूढ झाले. मान एका बाजूला ओढली जाण्याच्या आजारासाठी २००० मध्ये, भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ मध्ये, काखेतल्या अतिघामासाठी २००४ मध्ये, तर पक्षाघातानंतर आखडलेल्या हातासाठी आणि क्रॉनिक मायग्रेनसाठी २०१० मध्ये मान्यता मिळाली. मूत्राशयाच्या तक्रारी त्यानंतर आल्या. प्रत्येक मान्यतेबरोबर बिल लिहिण्याची नवी रीत आली.

औषधाचा कोड वरवर सर्वांत सोपा वाटतो. बोटॉक्सला जे ०५८५, आणि इतर कंपन्यांच्या टॉक्सिनांपैकी डिस्पोर्टला जे ०५८६, मायोब्लॉकला जे ०५८७, झिओमिनला जे ०५८८. खरी अडचण युनिट मोजण्यात आहे. जे ०५८५ आणि जे ०५८८ मध्ये बिलाचे एक युनिट म्हणजे औषधाचे एक युनिट. जे ०५८६ मध्ये बिलाचे एक युनिट म्हणजे औषधाचे पाच, आणि जे ०५८७ मध्ये शंभर. डिस्पोर्टची ५०० युनिटची कुपी पूर्ण वापरली तर बिलाच्या रकान्यात १०० लिहायचे. एखाद्या नवख्या कर्मचाऱ्याने कुपीवरचा आकडा पाहून तिथे ५०० लिहिले, तर कागदोपत्री रुग्णाला २५०० युनिट टोचल्याचे होते. क्लेम परत आला तर नशीब. न येता मंजूर झाला, तर काही वर्षांनी होणाऱ्या तपासणीत तोच आकडा जादा वसुली म्हणून बाहेर निघतो.

या कंपन्यांची युनिटे एकमेकांत बदलता येत नाहीत, आणि त्याचे कारण प्रयोगशाळेत आहे. टॉक्सिनचे युनिट परंपरेने उंदरांवर ठरत आले : उंदरांच्या एका गटातले निम्मे ज्या मात्रेने मरतात ती मात्रा म्हणजे एक युनिट. चाचणीची पद्धत कंपनीगणिक वेगळी, त्यामुळे एकाचे युनिट दुसऱ्याच्या मापाने मोजता येत नाही. २०११ मध्ये एफडीएने अलरगनच्या पेशींवर आधारित चाचणीला मान्यता दिली आणि उंदरांची गरज बरीच कमी झाली. युनिटांमधला फरक मात्र तसाच आहे. म्हणून विम्याने एका ब्रँडला मंजुरी दिली असताना दवाखान्यात दुसरा ब्रँड शिल्लक असेल, तर तो ‘तेवढाच’ देता येत नाही. डोस नव्याने ठरवावा लागतो आणि मंजुरीही नव्याने घ्यावी लागते.

कृतीचे कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सीपीटी यादीतले. पूर्वी मायग्रेनसाठी स्वतंत्र कोड नव्हता, चेहऱ्याचा एक आणि मानेचा एक असे कोड जोडून काम भागवले जाई. २०१३ मध्ये ६४६१५ आला. त्यात चेहरा, डोके, मान आणि दोन्ही बाजू, सगळे अंतर्भूत. ३१ वेळा सुई टोचली तरी कोड एकदाच. ब्लेफरोस्पाझमचा ६४६१२ मात्र एका बाजूचा, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना उपचार केला तर त्याला ५० हा मॉडिफायर, म्हणजे दोन्ही बाजू दाखवणारा जोडआकडा, लावायचा. हीच सवय ६४६१५ ला लावली की क्लेम नाकारला जातो. हातापायांचे गणित आणखी वेगळे आहे. तिथे सुया मोजत नाहीत, एका अवयवातले स्नायू मोजतात. चारपर्यंत स्नायू असतील तर ६४६४२, पाच किंवा अधिक असतील तर ६४६४४, आणि दुसऱ्या हाताला किंवा पायाला जोडकोड. पक्षाघात झालेल्या माणसाचा हात आणि पाय दोन्ही आखडले असतील, तर डॉक्टरने प्रत्येक स्नायूचे नाव, बाजू आणि त्यात किती युनिट गेले हे लिहिलेच पाहिजे. ‘उजव्या हातात बोटॉक्स दिले’ एवढ्या वाक्यावर कोणता कोड लावायचा हे कोड लावणाऱ्या जगातल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला, म्हणजे कोडरला, सांगता येणार नाही.

आजाराचे कोड आयसीडी-१० चे. अमेरिकेने ते १ ऑक्टोबर २०१५ पासून बिलांसाठी सक्तीचे केले. क्रॉनिक मायग्रेनला जी ४३.७ च्या घरातले कोड लागतात, आणि औषधांना दाद न देणारी आहे का, दिवसेंदिवस सलग टिकणारा झटका आहे का, यावर शेवटचे अंक बदलतात. डॉक्टर नोंदीत नुसते ‘मायग्रेन’ लिहून मोकळा झाला, तर साध्या मायग्रेनचा कोड लागतो. साध्या मायग्रेनसाठी बोटॉक्सला मान्यता नाही. एका विशेषणावाचून हजार डॉलरच्या वरचे बिल अडकते, आणि ते विशेषण लिहिण्याचा अधिकार फक्त डॉक्टरला आहे. कोडरला ते स्वतःच्या अंदाजाने घालता येत नाही. जाणूनबुजून खोटे घातले तर तो गुन्हा ठरू शकतो.

हे इतके काटेकोर का झाले, याचे एक उत्तर १ सप्टेंबर २०१० या तारखेत आहे. त्या दिवशी अमेरिकेच्या न्याय विभागाने अलरगनबरोबरची तडजोड जाहीर केली. कंपनीने ६० कोटी डॉलर भरायचे होते : ३७.५ कोटी फौजदारी बाजूचे आणि २२.५ कोटी दिवाणी दाव्यांचे. मान्यता नसलेल्या आजारांसाठी, म्हणजे डोकेदुखी, वेदना, स्नायूंचे आखडणे आणि लहान मुलांचा सेरेब्रल पाल्सी यांसाठी, बोटॉक्सचा प्रचार केल्याचा आरोप होता. त्यातला बिलांशी संबंधित भाग आजही वाचण्यासारखा आहे. डॉक्टरांना आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांना अशा वापराचे बिल कसे लावायचे हे शिकवणाऱ्या कार्यशाळा कंपनीने घेतल्या, डॉक्टरांच्या बिलांच्या नोंदी तपासून बोटॉक्स टोचण्यात किती कमाई आहे ते दाखवून दिले, आणि सरकारी योजनांकडून पैसे मिळावेत म्हणून चुकीचे कोड लावायला सांगितले, असे सरकारचे म्हणणे होते.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, १५ ऑक्टोबरला, क्रॉनिक मायग्रेनसाठी एफडीएची मान्यता आली. म्हणजे ज्या डोकेदुखीसाठीचा प्रचार बेकायदा होता, तिच्यातल्या एका नेमक्या गटाला औषधाचा खरेच उपयोग होतो हे चाचण्यांतून दिसले होते. औषध उपयोगी होते म्हणून खोटा कोड क्षम्य ठरत नाही. पण त्या प्रकरणानंतर विमा कंपन्यांच्या मनात या औषधाविषयी जो संशय बसला, त्याची झळ खऱ्या रुग्णांना लागली हेही तितकेच खरे.

तो संशय पूर्वमंजुरीच्या अटींत उतरला आहे. कोडर मंडळी पूर्वमंजुरीला ‘प्रायर ऑथ’ म्हणतात. बहुतेक विमा कंपन्यांच्या अटी एकमेकींसारख्याच असतात. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी, दिवसाला चार तास किंवा जास्त, असे किमान तीन महिने. प्रोप्रानोलॉल, टोपिरामेट, ॲमिट्रिप्टिलिन अशा वेगवेगळ्या गटांतल्या दोन-तीन गोळ्या आधी घेऊन झालेल्या असाव्यात आणि त्या लागू पडल्या नसाव्यात किंवा सोसल्या नसाव्यात. पहिल्या काही इंजेक्शनांनंतर डोकेदुखीचे दिवस महिन्याला निदान सातने कमी झाले, किंवा तास शंभरने कमी झाले, असे दाखवले तरच पुढची मंजुरी. हे सगळे रुग्णाच्या डोकेदुखीच्या वहीवरून ठरते. डोके फुटत असताना, उजेड सहन होत नसताना, त्या माणसाने वही उघडून वेळ लिहायची. न लिहिलेला दिवस हा न दुखलेला दिवस धरला जातो.

या अटी माणुसकीला धरून नाहीत. दुखण्याचे मोजमाप हवे हे मान्य, कारण त्याशिवाय औषध लागू पडते की नाही हे डॉक्टरलाही कळणार नाही. पण एखाद्याला टोपिरामेटने सुन्नपणा आणि विसराळूपणा आला, म्हणून त्याने ते पाच आठवड्यांत सोडले, आणि गोळी आठ आठवडे घेण्याची अट होती, म्हणून त्याला पुन्हा रांगेत मागे पाठवायचे, यात कुणाचे पैसे किती वाचतात? नकाराचा निर्णय घेणाऱ्याने तो रुग्ण कधी पाहिलेला नसतो.

बारा आठवड्यांच्या अंतराचेही तसेच. माहितीपत्रकात १२ आठवडे आहेत, म्हणून विम्याचे संगणक ८४ दिवस मोजतात. रुग्णाची सोय, सणवार किंवा डॉक्टरची रजा पाहून ८२ व्या दिवशी इंजेक्शन दिले, तर क्लेम नाकारला जाण्याची दाट शक्यता. औषधाचा असर दहाव्या-अकराव्या आठवड्यात ओसरतो असे अनेक रुग्ण सांगतात, पण त्या दोन आठवड्यांसाठी कोड नाही.

मेडिकेअरने स्वतः १ जुलै २०२० पासून रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात दिल्या जाणाऱ्या बोटुलिनम इंजेक्शनांना पूर्वमंजुरी लागू केली. त्याच यादीत पापण्यांची आणि नाकाची शस्त्रक्रिया, पोटावरची लोंबती कातडी काढणे आणि शिरांवरचे उपचार होते. उपचाराच्या नावाखाली सौंदर्योपचार खपवले जाऊ शकतात अशी ही यादी. मायग्रेनचा रुग्ण तिथे जाऊन बसला, तो केवळ सुईतल्या द्रव्यामुळे.

टाकून दिलेल्या औषधाचा नियम मात्र या सगळ्यात उजवा आहे. १ जानेवारी २०१७ पासून मेडिकेअरने फेकलेल्या भागासाठी जेडब्ल्यू हा मॉडिफायर सक्तीचा केला. काहीच फेकले नसेल तर ओळ कोरी सोडण्याची मुभा होती, त्यामुळे खरेच काही उरले नाही की लिहायचे राहिले, हे कळत नसे. १ जुलै २०२३ पासून ‘काही फेकले नाही’ हेही जेझेड या मॉडिफायरने सांगावे लागते. या नोंदींचा उपयोग पुढे होतो. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने असे ठरवले आहे, की एका रुग्णापुरत्या कुपीतल्या औषधाचा वाया जाणारा भाग एकंदरीत दहा टक्क्यांच्या वर गेला, तर वरच्या भागाचे पैसे उत्पादक कंपनीने सरकारला परत करायचे. कुपी किती मोठी बनवायची हे कंपनी ठरवते, मग उरणाऱ्याचा भुर्दंडही तिने सोसावा, हा विचार सरळ आणि न्याय्य आहे. बिलाच्या एखाद्या रकान्यातून इतका रास्त परिणाम साधल्याची उदाहरणे फार नाहीत.

त्या ४५ युनिटांचे आणखी एक आहे. मूळ चाचण्यांत डॉक्टरला दुखऱ्या जागी जादा औषध देऊन १९५ युनिटांपर्यंत जाण्याची मुभा होती. आजही काही डॉक्टर तसे करतात, आणि मग बिलात १९५ अधिक ५ येते. रुग्णाला फायदा होत असेल तर फेकण्यापेक्षा ते बरेच. पण मंजुरी १५५ चीच असेल तर क्लेम अडकतो.

पैसा कुणाच्या हातून फिरतो यावरही बरेच अवलंबून असते. डॉक्टर औषध स्वतः विकत घेऊन ठेवतो आणि टोचल्यावर बिल लावतो, ही एक पद्धत. मेडिकेअर अशा औषधाला सरासरी विक्रीकिंमत अधिक सहा टक्के देते, सरकारी कपातीनंतर ते वरचे टक्के चारच्या आसपास येतात. एक क्लेम बुडाला तर अनेक क्लेमांवरचा हा नफा जातो, म्हणून लहान दवाखाने हात आखडता घेतात. दुसऱ्या पद्धतीत विमा कंपनीने ठरवलेली स्पेशालिटी फार्मसी त्या रुग्णाच्या नावाने कुपी पाठवते. अशा वेळी डॉक्टरने जे ०५८५ चे बिल लावायचे नसते, फक्त टोचण्याचे लावायचे. चुकून दोघांनीही लावले तर एकाच कुपीचे पैसे दोनदा मागितल्याचा ठपका येतो. खासगी विमा असलेल्यांना कंपनीच्या सवलत योजनेतून स्वतःच्या वाट्याचे काही पैसे परत मिळू शकतात. मेडिकेअरच्या रुग्णांना ती योजना बंद, कारण सरकारी योजनेतल्या रुग्णाला औषधकंपनीने असे पैसे देणे लाचविरोधी कायद्यात बसत नाही. वीस टक्के वाटा भरण्यासाठी ज्याच्याकडे पूरक विमा नाही, त्या निवृत्त माणसाची यात सर्वांत जास्त ओढाताण होते.

या बिलांचा एक टप्पा महाराष्ट्रातही आहे. पुणे आणि नवी मुंबईतल्या कचेऱ्यांत अमेरिकन दवाखान्यांचे कोडिंग आणि थकबाकीचा पाठपुरावा चालतो. फार्मसी, फिजिओथेरपी, होमिओपॅथी, बायोटेक अशा शाखांतून बाहेर पडलेली मुलेमुली सीपीसी ही कोडिंगची परीक्षा देऊन कोडर होतात. विमा कंपन्यांना फोन करणारे ‘एआर कॉलर’ अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्री बसतात. पडद्यावर नकाराचे कारण आकड्यांत येते. १९७ म्हणजे पूर्वमंजुरी नाही, ५० म्हणजे वैद्यकीय गरज पटली नाही, ११ म्हणजे आजार आणि कृती जुळत नाहीत. त्यावरून डॉक्टरची नोंद उघडायची, निदानातले नेमके शब्द, टोचलेले आणि फेकलेले युनिट, मागच्या इंजेक्शनची तारीख, मंजुरीचा क्रमांक हे सगळे ताडून पाहायचे, आणि काय कमी आहे ते दवाखान्याला कळवायचे. हे काम बारकाईचे आहे आणि त्याला नुसते डेटा एंट्री म्हणून हिणवणे चूक आहे. सातासमुद्रापलीकडच्या एका बाईचे पुढचे इंजेक्शन वेळेवर होणे अनेकदा याच नजरेवर अवलंबून असते.

आपल्याकडे असे कोडिंग नाही. इथला रुग्ण कुपीचे आणि डॉक्टरच्या फीचे पैसे बहुधा स्वतः भरतो, कारण इंजेक्शन बाह्यरुग्ण विभागात होते आणि बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेला आहे. सौंदर्योपचार विम्याबाहेर ठेवणाऱ्या कलमाची भाषा २०१९ मध्ये विमा नियामकाने सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. उपचार आणि सौंदर्य यांतली रेघ जीएसटीतही आहे : वैद्यकीय सेवेला सूट, सौंदर्यशस्त्रक्रियेला नाही, जन्मजात व्यंग किंवा अपघाताने आलेली विकृती दुरुस्त करायची असेल तर पुन्हा सूट. अमेरिकेत २००९ मध्ये सिनेटच्या आरोग्य विधेयकात ऐच्छिक सौंदर्योपचारांवर पाच टक्के कर सुचवला होता. वृत्तपत्रांनी त्याचे ‘बो-टॅक्स’ असे बारसे केले. डिसेंबरमध्ये तो वगळला गेला आणि त्याच्या जागी कातडी रापवून देणाऱ्या टॅनिंग सलूनवर दहा टक्के कर आला.

नकार मिळालेल्या अमेरिकन रुग्णाला दाद मागता येते. आधी विमा कंपनीकडेच अपील, तिथेही नकार आला तर चार महिन्यांच्या आत स्वतंत्र परीक्षकाकडे. हा बाहेरच्या परीक्षणाचा हक्क २०१० च्या आरोग्य कायद्याने दिला. त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात, कारण अपील लिहिण्याची उमेद असलेला माणूस आधीच निम्मा बरा झालेला असतो. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने पूर्वमंजुरीसाठी नवा नियम काढला. २०२६ पासून मेडिकेअर ॲडव्हान्टेज (खासगी कंपन्यांमार्फत चालणारी मेडिकेअर) आणि गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनांनी साध्या प्रकरणात सात दिवसांत आणि तातडीच्या प्रकरणात ७२ तासांत निर्णय द्यायचा, आणि नकाराचे नेमके कारण सांगायचे. औषधांच्या पूर्वमंजुरीला हा नियम लागू नाही, आणि नोकरीतून मिळणाऱ्या विम्यालाही नाही. मायग्रेनचा सर्वाधिक त्रास ऐन उमेदीच्या, कामाच्या वयातल्या माणसांना होतो, त्यांत बायका जास्त. त्यांच्यातल्या बहुतेकींचा विमा नोकरीतूनच येतो, आणि तिथे जुनाच कायदा चालतो : निर्णयाला १५ दिवस, आणि कंपनीला गरज वाटली तर आणखी १५.